सैतानाच्या नावाने दोन हजार टोले

नाताळ म्हटलं की इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा आनंदाने वाजणार, हे ठरलेलं. यॉर्कशरमधल्या ड्यूझबरी या जुन्या गिरणगावात मात्र आदल्या रात्री मयताची घंटा वाजते. मेलेला कोण, तर सैतान. येशू जन्मला त्या क्षणी सैतानाचा खेळ आटोपला, अशी समजूत. म्हणून दर वर्षी त्याच्या नावाने टोले द्यायचे. किती? येशूच्या जन्माला जितकी वर्षं झाली तितके. २०२५ साली २०२५. एक कमी नाही, एक जास्त नाही, आणि शेवटचा टोला पडायचा तो बरोबर मध्यरात्री.

हे कळल्यावर मी आधी हिशेब मांडला. रात्री दहाच्या सुमाराला सुरुवात, म्हणजे हाताशी दोन तास, ७,२०० सेकंद. साधारण साडेतीन सेकंदांना एक टोला, आणि मधे दम घ्यायला सवड नाही. वाजवणारे आळीपाळीने दोर हातात घेतात. टोले कागदावर टिपत जावे लागतात, कारण पंधराशेच्या पुढे कुणाला शिंक आली तरी आकडा हुकता कामा नये.

घंटा वाजवण्याची इंग्लंडची पद्धतही न्यारी. घंटा जागेवर लटकलेली आणि आतला लोलक हलवायचा, असं तिथे नसतं. शेकडो किलोची घंटा एका भल्यामोठ्या चाकाला जोडलेली असते. दोर ओढला की चाकाबरोबर घंटाच जवळजवळ पूर्ण गिरकी घेते आणि तोंड वर करून उलटी उभी राहते. पुन्हा ओढला की उलट दिशेने तशीच गिरकी. दर गिरकीला एक टोला. उलट्या घंटेला क्षणभर तोलून धरता येतं, त्यामुळे पुढचा टोला नेमका केव्हा पडू द्यायचा हे वाजवणाऱ्याच्या हातात राहतं. दोरावर पकडीसाठी लोकरीचा जाड, रंगीत पट्टा विणलेला असतो. त्याला सॅली म्हणतात. नुसत्या ताकदीचं हे काम नव्हे, दोर केव्हा सैल सोडायचा हे कळावं लागतं.

टोले मोजून द्यायची ही मूळची मयताचीच रीत. गावात कुणी गेलं की चर्चची घंटा बातमी सांगायची. अनेक ठिकाणी पुरुषासाठी तीन त्रिक नऊ टोले, बाईसाठी तीन दुणे सहा, आणि मग वयाइतके. शेतात राबणारा माणूस टोले मोजायचा आणि कोण गेलं ते ओळखायचा. सैतानाचं वय कोण सांगणार? म्हणून त्याला मरून किती वर्षं झाली ते मोजायचं. श्राद्धच म्हणा ना, फक्त वैऱ्याचं. ते नीट पार पडलं की पुढचे बारा महिने तो गावाच्या वाटेला जात नाही, अशी श्रद्धा.

या घंटेचं नाव ‘ब्लॅक टॉम ऑफ सूटहिल’. दंतकथा अशी, की सर थॉमस डी सूटहिल नावाच्या जमीनदाराने रागाच्या भरात एका नोकर पोराचा जीव घेतला. पोरगा चर्चला गेला नाही एवढंच निमित्त, असंही सांगतात. मग प्रायश्चित्त म्हणून त्याने चर्चला घंटा दिली. परंपरेने ही गोष्ट पंधराव्या शतकातली मानतात. पोराचं नाव मात्र कुणी जपलेलं नाही, खुन्याचं घंटेला मिळालं. हे मला खटकतं.

तेव्हापासून टोले अखंड चालू आहेत असं नाही. १६४७ साली पार्लमेंटने नाताळचा सणच रद्द केला होता. १६६०मध्ये राजेशाही परतली तेव्हा सणही राजरोस परतला. १८०९ ते १८११ या काळात ड्यूझबरीत दुय्यम धर्मोपदेशक होते पॅट्रिक ब्राँटे, शार्लट आणि एमिली या लेखिकांचे वडील. घंटा वाजवणारे स्पर्धेच्या तयारीसाठी रविवारी सराव करताना दिसले, तेव्हा काठी घेऊन ते मनोऱ्यात चढले आणि सगळ्यांना त्यांनी हाकलून दिलं, अशी आठवण सांगतात. जून १९४०मध्ये तर देशभरातल्या चर्चच्या घंटा मुक्या झाल्या. शत्रू उतरला तरच त्या वाजवायच्या, असा हुकूम होता. हिटलरच्या धास्तीने सैतानाच्या टोल्यांनाही विश्रांती मिळाली! १९८६ साली मात्र ब्रिटिश टपाल खात्याने नाताळच्या तिकिटांत ड्यूझबरीच्या या घंटेला ३१ पेन्सच्या तिकिटावर जागा दिली.

गाव दरम्यान पार बदललं. चिंध्या पिंजून त्यातून पुन्हा लोकरी कापड काढायचा ‘शॉडी’चा धंदा इथे शतकभर भरभराटीला होता. पुढे त्याच गिरण्यांत रात्रपाळी करायला सुरत-भरूचकडची आणि पाकिस्तानातली माणसं आली, काल्डर नदीपलीकडच्या सॅव्हिल टाउनमध्ये स्थायिक झाली. आज नदीच्या एका अंगाला हे चर्च आणि दुसऱ्या अंगाला मोठी मशीद आहे.

टोल्यांच्या आकड्यातही एक गंमत आहे. इसवी सनाची मोजणी सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिगुअस या साधूने रोममध्ये बसून लावली, आणि ती चुकली. बायबलप्रमाणे येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता. इतिहासकार बहुतेक त्याचा मृत्यू इसवी सनापूर्वी ४ मध्ये धरतात. म्हणजे इतक्या काटेकोरपणे मोजूनही ड्यूझबरीकर दर वर्षी निदान तीन-चार टोले कमीच देतात.

शिवाय ही परंपरा दर नाताळला एका टोल्याने लांबते. टोल्यांची सुरुवात झाली असं मानतात त्या १४३४ साली हीच गती धरली असती, तर आजच्यापेक्षा पस्तीस मिनिटं लवकर उरकलं असतं. अजून हजार वर्षांनी, ३०२५मध्ये, काम सुमारे तीन तासांचं होईल, आणि वाजवणाऱ्यांना जेवण आटोपून नऊलाच मनोऱ्यात हजर व्हावं लागेल.