बिनवेतनी सल्लागार

नागरिकांविषयीची माहिती ज्या शासनयंत्रणेकडे साठते, तिनेच त्या माहितीच्या वापराचा निवाडा करावा, हे उचित नव्हे. त्यासाठी बाहेरची जाणकार माणसे लागतात. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने २००४ साली माहितीची गोपनीयता व अचूकता यांविषयी सल्ला देण्यासाठी एक समिती स्थापन केली. सदस्यत्वासाठी शासकीय राजपत्रातून जाहीर आवाहन केले जाई. इच्छुक तज्ज्ञ आपला अनुभव नमूद करून अर्ज पाठवीत. निवड झालेल्यांना वेतन नसे. केवळ प्रवास व निवासाचा खर्च मिळे.

१९७२ च्या सल्लागार समिती कायद्यानुसार अशा समित्यांत भिन्न मतांचा समतोल राखावा लागतो, आणि बैठका सामान्यतः जनतेस खुल्या ठेवाव्या लागतात. मात्र सल्ला स्वीकारण्याचे बंधन शासनावर नसते. जानेवारी २०२५ मध्ये तर या विभागाने आपल्या सर्व सल्लागार समित्यांवरील तत्कालीन सदस्यत्वे एकाच आदेशाने संपुष्टात आणली. वेतन न घेणारा सल्लागार निर्भीडपणे बोलू शकतो, हे खरे. परंतु त्याचे आसन शासनाच्या इच्छेवरच टिकून असते. म्हणून तज्ज्ञांच्या निवडीइतकेच त्यांच्या पदाला मिळणारे संरक्षणही महत्त्वाचे ठरते.