गोळ्या चालू आहेत, बाकीचे काय?

घरी स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा तीव्र मानसिक आजार असलेले कुणी असेल, तर दुबईहून केलेल्या फोनवर आपण एकच प्रश्न हमखास विचारतो, "गोळ्या वेळेवर घेतो ना?" प्रश्न रास्तच आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत हे तर खरेच. पण चौकशी बहुधा तेवढ्यावरच थांबते.

१९९५ साली लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी 'कँबरवेल' नावाची गरजांची प्रश्नावली तयार झाली. तीत २२ विषय आहेत: राहणे, जेवण, दिवसभराचा उद्योग, शारीरिक प्रकृती, सोबत, पैसा, प्रवास, अगदी टेलिफोनसुद्धा. भास-भ्रमासारखी लक्षणे हा त्यातला फक्त एक विषय. उत्तरे तीनच: गरज नाही, आहे, पण भागते, आहे आणि भागत नाही. गंमत अशी की हे प्रश्न रुग्णाला आणि त्याची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला वेगवेगळे विचारले, तर उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. पुढच्या अभ्यासांत दिसले की रुग्णाने स्वतः सांगितलेल्या न भागलेल्या गरजा जितक्या जास्त, तितके त्याला आपले जगणे खालावलेले वाटते. कर्मचाऱ्यांच्या हिशेबाशी हा संबंध तितका जुळत नाही. आम्हा संगणकवाल्यांना याचे नवल वाटू नये. वापरणाऱ्याला न विचारता केलेली प्रणाली कागदावर नेहमीच उत्तम चालते.

माझा धाकटा भाऊ सांगलीला आई-वडिलांजवळ असतो. आईच्या मते जेवण, औषध, कपडे, सगळे व्यवस्थित. त्याला विचारले तेव्हा त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. खिशात स्वतःचे पैसे नसतात, आणि दुपार सरत नाही. आता थोडी रक्कम त्याच्याच खात्यात जाते. पहिल्या पैशांतून तो एकटा जाऊन केस कापून आला. दुपारचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

दुपार हाच खरा अवघड विषय. पुण्याच्या 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन'ने रुग्णांसाठी पुनर्वसन केंद्र आणि कुटुंबीयांसाठी स्वमदत गट उभे केले. संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. २००४ च्या 'देवराई' चित्रपटामागेही त्यांचा पुढाकार होता. म्हणजे परदेशी राहणाऱ्या एका मराठी माणसाने हे काम घरच्या अनुभवातून उभे केले.

शारीरिक प्रकृतीही विसरू नये. काही औषधांनी वजन आणि रक्तातली साखर वाढते. दोन्ही नियमित तपासून घ्यावीत.

आता पैशाचे. आई-वडिलांनंतर काय, हा प्रश्न आपण पुढे ढकलत राहतो. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला मिळाल्यास अनेक सवलतींचा मार्ग खुला होतो. दिव्यांग अवलंबितासाठीची प्राप्तिकरातली वजावट मात्र भारतात निवासी असलेल्या करदात्यालाच मिळते, आपल्याला नाही. तिकडे भावंड असेल तर त्याने घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक द्यावी लागते. त्याच कायद्यात रुग्ण स्वतःचा प्रतिनिधी नेमू शकतो, पण तो उपचारांच्या निर्णयांपुरता. मालमत्तेसाठी मृत्युपत्र वेगळे हवे, आणि रक्कम मोठी असेल तर खासगी न्यास. विश्वस्त कोण असावा हे रुग्णालाही विचारावे. माझ्या भावाने काकांऐवजी मावसभावाचे नाव घेतले, कारण तो त्याच्याशी बुद्धिबळ खेळतो. कागदपत्रांसाठी वकील तिकडचाच गाठावा. इथून मुखत्यारपत्र पाठवायचे झाल्यास भारतीय वाणिज्य दूतावास आपल्या बर दुबईतच आहे.

आणि रुग्णाला इकडे भेटीला बोलावणार असाल, तर तिकीट काढण्याआधी औषधांची यादी तपासा. काही मानसोपचाराच्या गोळ्या इथे नियंत्रित यादीत आहेत. त्या आणण्यासाठी अमिरातीच्या सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी.