डिग्री हवी की धंद्याची अक्कल?

 

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईनं मोबाईल पुढं केला. "ताई, हे बघा. चार महिन्यांत एमबीए. वर्ग नाही, परीक्षा घरूनच. आज पाच हजार भरले की सीट पक्की." ताई बीए झालेली, नागलीच्या पापडाचा धंदा करते. पैसे गटातून उचलून भरायला निघाली होती. आम्ही म्हटलं, थांब जरा. त्या दिवशी जे बोललो, तेच आज सांगते.

पहिलं विचारायचं, शिकायचं कशासाठी? नोकरीत वर जायला डिग्रीचा कागद लागतो. पण पापडाचा भाव ठरवणं, उधारी वसूल करणं, नफा-तोट्याचा हिशोब मांडणं, याला कागद लागत नाही, शिकणं लागतं.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं उदाहरण घ्या. चेतना सिन्हा आणि गावच्या बायांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. कारण कितीतरी सभासदांचे अंगठे होते. बाया रडत बसल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी विचारा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढं २००६ मध्ये त्यांनी बायांसाठी व्यवसायाची शाळा काढली. तिथल्या एका शिक्षणाला 'देशी एमबीए' म्हणतात. ती विद्यापीठाची डिग्री नव्हे, पण धंदा करणारीला लागतं ते तिथं मिळतं.

डिग्रीच हवी असेल, तर मोठ्या संस्थांत नोकरी-धंदा सांभाळणाऱ्यांसाठी एक्झिक्युटिव्ह एमबीए असते. तिथं कामाचा अनुभव मागतात आणि फी लाखांत जाते. आपल्याला जवळचं म्हणजे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली ते सुरू झालं, घर-शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या डिग्रीला कॉलेजच्या डिग्रीइतकीच किंमत असते.

आता अर्जाचं. एमबीएला आधी पदवी लागते. दूरशिक्षणातून ती दोन वर्षांची असते. चार महिन्यांत डिग्री देतो म्हणणारा एक तर साधं प्रमाणपत्र देतो, नाही तर फसवतो. विद्यापीठाला त्या वर्षाची, त्याच अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर बघा. एमबीएला एआयसीटीईची मंजुरी आहे का, तेही विचारा. माहितीपुस्तिका वाचा. पैसे विद्यापीठाच्या वेबसाइटवरच भरा, पावती जपून ठेवा. कुणाच्या खासगी खात्यावर रुपया टाकू नका.

दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता डीईबी आयडी लागतो. त्याआधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी काढावा लागतो. त्यासाठी आधारला तुमचाच मोबाईल नंबर जोडलेला हवा, दादल्याचा नाही.

आणि नाव तपासा. आपल्या बऱ्याच जणींच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्ज तिथंच अडकतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखलाही सोबत ठेवा. आदिवासी मुली-बायांनी शिष्यवृत्तीसाठी कळवणच्या प्रकल्प कार्यालयात विचारून या.

खर्च मांडताना फी एकटी धरू नका. नाशिकचं एसटी भाडं, पुस्तकं, परीक्षेच्या दिवसांत बुडणारा धंदा, हेही धरा. गटाचं कर्ज काढलंत तर हप्ता कशातून फिटेल, ते आधी वहीत लिहा.

आमच्या ताईनं ते पाच हजार भरले नाहीत. विवाहाचा दाखला काढायला ती ग्रामपंचायतीत जाऊन आली. पुढं डिग्री घ्यायची की धंद्याचं प्रशिक्षण, ते तीच ठरवेल. मैत्रिणींनो, शिकायला वय आडवं येत नाही. फक्त घाईत सही करू नका. कागद बैठकीत आणा, चौघी मिळून वाचू.