चेन हार्वेस्टर दुपारी ओढत नाही? एचएसटी खोलण्याआधी एवढं तपासा

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानपट्ट्यात चेन हार्वेस्टर आता घरचाच झाला आहे. त्यातली बरीच मशीन दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेली. अशा जुन्या मशीनची एक तक्रार कापणीच्या दिवसांत हमखास ऐकू येते. सकाळी मशीन झकास चालते, पण दुपारी ओली बांधी आली किंवा धुऱ्यावर चढायची वेळ आली की जागेवर थांबते. इंजिन फुल रेसवर ओरडतं आणि चेन मात्र फिरत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "एचएसटी गेली." ते युनिट बदलायचं म्हटलं तर मालकाचा पूर्ण हंगाम त्यातच जातो. तिकडे ज्याचं धान पिकून उभं आहे, तो शेतकरी आभाळाकडे बघत बसतो.

एचएसटी खराब होते, यात शंका नाही. पण तशीच लक्षणं ढिला पट्टा, तुंबलेलं फिल्टर, भुशाने भरलेला ऑइल कूलर यांमुळेही दिसतात. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. स्वस्त आणि सोपं ते आधी, खोलाखोली सगळ्यात शेवटी.

एचएसटी चालते कशी?

ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबून गिअर टाकावा लागतो. हार्वेस्टरमध्ये एकच लिव्हर पुढे ढकलला की मशीन पुढे, मागे ओढला की मागे. हे काम तेल करतं. इंजिनचा जोर पट्ट्यावरून एका पंपाला मिळतो. पंप तेल दाबून मोटरकडे पाठवतो, मोटर फिरते आणि तिच्या पुढच्या गिअरबॉक्समधून चेनला गती मिळते.

पंपात एक तिरकी होणारी तबकडी असते. लिव्हर जितका ढकलाल तितकी ती तिरकी होते आणि तितकं जास्त तेल जातं. दुसऱ्या बाजूला तिरकी केली की तेल उलटं फिरतं आणि मशीन मागे जाते. तबकडी सरळ असली की न्यूट्रल. गाडीच्या टायरमध्ये साधारण 2 बार हवा असते. एचएसटीत मशीनवर जोर आला की तेलाचा दाब 200 बारच्याही वर जातो.

एवढ्या दाबात थोडं तेल पिस्टनच्या बाजूने झिरपणारच. ते भरून काढायला एक छोटा चार्ज पंप असतो. तो टाकीतलं तेल फिल्टरमधून ओढून मुख्य पंपाला देत राहतो. फिल्टर तुंबलं की चार्ज पंप उपाशी राहतो आणि पाठोपाठ मुख्य पंपही.

आता दुपारचं कोडं सुटतं. गुळाचा पाक गरम असला की पळतो, थंड झाला की घट्ट होतो, तसंच तेलाचं आहे. सकाळी घट्ट तेल झिजलेल्या फटीतून कमी झिरपतं. दुपारी ते पातळ झालं की त्याच फटीतून जास्त निसटतं आणि मोटरपर्यंत जोर पोचत नाही. उन्हाळी धानाच्या कापणीत, मे महिन्याच्या उन्हात, हा त्रास वाढतो तो यामुळेच.

पहिलं काम: इंजिनचा आवाज ऐका

मशीन अडली की लगेच लिव्हरशी झटापट करू नका. इंजिन काय करतं ते ऐका.

इंजिनचा आवाज दबत असेल, काळा धूर येत असेल, तर जोर पुढे जातो आहे आणि अडथळा पुढे कुठेतरी आहे. चेनच्या रोलरमध्ये चिखल घट्ट बसला आहे का, ब्रेक धरून राहिला आहे का, ते पाहा. इंजिनच कमजोर असेल तरी असंच होतं. अशा वेळी एचएसटीला हात लावायचं कारण नाही.

इंजिन मोकळं पळत असेल आणि चेन थांबली असेल, तर जोर वाटेतच निसटतो आहे. निसटायच्या जागा दोन, एक पट्टा आणि दुसरी एचएसटी. आधी पट्टा.

पट्टा आणि लिव्हरची जोडणी

इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, मगच गार्ड उघडा. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, जळका वास येत असेल किंवा भेगा दिसत असतील, तर तो घसरतो आहे. पुलीच्या खाचेचा तळ पाहा. तळ चमकत असेल तर पट्टा झिजून खाली बसला आहे. तो कितीही ताणला तरी पकड घेणार नाही, बदलावाच लागतो. ताण देणारी पुली आणि तिची स्प्रिंगही बघून घ्या. पट्ट्यावर तेल उडत असेल तर आधी ती गळती बंद करा.

नंतर लिव्हर. एकाने लिव्हर पूर्ण पुढे ढकलायचा आणि दुसऱ्याने एचएसटीवरचा दांडा पूर्ण फिरतो का ते पाहायचं. इंजिन बंदच ठेवा. पिना आणि बुश झिजले की वर लिव्हर पूर्ण जातो, पण खाली दांडा अर्ध्यातच थांबतो. ही दुरुस्ती गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात होते.

तेल, फिल्टर, कूलर

मशीन सपाट जागी उभी करून तेलाची पातळी पाहा. तेलाचा रंगही बरंच सांगतो:

• दुधासारखं पांढरट: आत पाणी गेलं आहे. चिखलपाण्यात काम करताना किंवा मशीन धुताना ब्रीदरमधून ते शिरतं. तेल बदलावंच लागेल.

• फेस: पंप हवा ओढतो आहे. पातळी कमी असेल किंवा तेल ओढणाऱ्या नळीचा क्लॅम्प ढिला असेल. सोबत बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो.

• काळं आणि जळक्या वासाचं: मशीन सतत तापते आहे.

ऑइल कूलरची जाळी धानाच्या भुशाने, धुळीने भरते. बाहेरून साफ दिसते, पण पात्यांच्या मधे थर बसलेला असतो. हवा आतून बाहेर मारा. बाहेरून आत मारली तर कचरा आणखी रुततो. हंगामात हे रोज करायचं काम आहे.

फिल्टर किती तासांनी बदलायचं आणि तेल कोणत्या प्रतीचं घालायचं, हे मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं. काही मशीनमध्ये एचएसटी आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं, काहींमध्ये वेगळं. उरलेलं कुठलंही तेल वरून ओतू नका. मशीन कमजोर झाली की जाड तेल घालायचा सल्ला काही जण देतात. त्याने दोन दिवस बरं वाटतं, पण सकाळी थंडीत ते घट्ट तेल फिल्टरमधून नीट जात नाही आणि पंप कोरडा घासतो.

फिल्टर बदलल्यावर वाटेत हवा राहते. मोकळ्या सपाट जागी, आजूबाजूला कोणी नसताना, इंजिन कमी रेसवर ठेवून लिव्हर हळूहळू थोडा पुढे, थोडा मागे असं काही वेळा करा. नंतर इंजिन बंद करून पातळी पुन्हा पाहा.

जुनं फिल्टर फेकू नका, कापून पाहा

करवतीने डबा कापला तर लोखंडाचा चुरा आत पडतो आणि फसगत होते. फिल्टर कटर वापरा किंवा मिस्त्रीकडून उघडून घ्या. कागद पसरून उन्हात धरा. थोडी करडी, बारीक पूड जुन्या मशीनमध्ये असतेच. पण पितळेसारखे पिवळे कण किंवा चमकणाऱ्या पापड्या दिसल्या तर आतले भाग खरोखर झिजत आहेत. पिवळे कण चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे नुसत्या चुंबकावर भरवसा ठेवू नका. असे कण दिसले की मशीन थांबवा. चालवत राहिलात तर हाच कचरा मोटरमध्ये आणि कूलरमध्ये जातो, आणि एका भागाचं नुकसान तीन भागांवर पसरतं.

मोबाईलवर घ्या थंड-गरम चाचणी

पट्टा, तेल, फिल्टर, कूलर सगळं ठीक असेल तर ही चाचणी करा. टाकीतलं धान रिकामं करा. सपाट, कडक जागेवर 20 मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. सकाळी थंड मशीन ठरलेल्या गिअरमध्ये, ठरलेल्या रेसवर, लिव्हर पूर्ण ढकलून चालवा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्यायची. पुढे एकदा, मागे एकदा. दोन-तीन तास काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा तसंच.

समजा सकाळी 20 सेकंद लागले आणि दुपारी 21, तर चिंता नाही. 30 लागले तर आत झीज मोठी आहे. सपाटीवर फरक दिसला नाही तर हलक्या चढावर करून पाहा, तिथे खरं कळतं.

पुढे आणि मागे यांची तुलनाही करा. दोन्हीकडे सारखीच कमजोर असेल तर कारण सामाईक आहे, म्हणजे चार्ज पंप किंवा एकूण झीज. एकाच दिशेला कमजोर असेल तर त्या बाजूचा व्हॉल्व्ह अडकलेला किंवा लिव्हरची जोडणी बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी पूर्ण युनिट बदलायला लगेच होकार देऊ नका.

गेज लावल्याशिवाय निर्णय नको

एवढं करूनही दोष एचएसटीतच निघाला तर मिस्त्रीला सांगा, आधी प्रेशर गेज लावून दाखवा. पहिल्यांदा चार्ज पंपाचा दाब, मग मुख्य दाब, तोही तेल गरम असताना. आकडे मशीनच्या पुस्तकाशी ताडून घ्या. चार्जचाच दाब कमी असेल तर बिघाड तिथून सुरू होतो.

युनिट बांधावर खोलू देऊ नका. आतली फट केसापेक्षाही बारीक असते, धुळीचा एक कणही ओरखडा पाडतो. मशीन नेताना इंजिन बंद असताना चेन फिरवत ओढत नेऊ नका. मोटर कोरडी फिरते आणि उरलीसुरली एचएसटीही जाते. ट्रेलरवरच चढवा.

जिवाची काळजी

गळती शोधायला नळीवरून हात फिरवू नका. बारीक छिद्रातून येणारी दाबाची धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट, हात गमवायची वेळ येऊ शकते. दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा आणि दाबाचं तेल आत गेलं आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठा वापरा. उतारावर एचएसटी मशीन धरून ठेवत नाही. हातब्रेक लावा, चेनखाली ओंडका द्या. न्यूट्रलमध्येही मशीन सरकत असेल तर ती जोडणी नीट केल्याशिवाय कामाला काढू नका, कारण अशा मशीनसमोर कोणी ना कोणी उभं असतंच.

जुनी मशीन घेताना

विकणारा बहुतेक सकाळी बोलावतो आणि थंड मशीन चालवून दाखवतो. सौदा करायचा असेल तर दुपारी जा. दोन तास कापणी करून बघा, चढावर पुढे-मागे चालवा, तेल काढून रंग पाहा. विकणारा गरम मशीन दाखवायला तयार नसेल तर बयाणा देण्याची घाई करू नका.