जवान घरी परततो तेव्हा

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आजही तेथे आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांना पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणाऱ्या घराण्यांचा असा वारसा लाभलेला आहे. जवान सरहद्दीवर निघतो, तेव्हा गाव त्याला निरोप देण्यास जमते. तो परततो, तेव्हाही पहिले दोन दिवस घरी माणसांची वर्दळ असते. त्यानंतर उरतात तो, त्याचे कुटुंब आणि तुंबून राहिलेली कामे. घरात व गावात पुन्हा रुळताना त्याला जी मदत लागते, तिचा बराच भाग गावपातळीवरील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या हातचा आहे.

घराची बदललेली घडी

सैन्यातील नेमणुका ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. शांतता क्षेत्रात जवानाला कुटुंब बरोबर ठेवता येते. ‘फील्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीमाभागात ते शक्य नसते. त्या काळात पत्नी व मुले बहुधा गावीच राहतात. पेरणी, सोसायटीचे कर्ज, सासूसासऱ्यांचे आजारपण, मुलांची शाळा ही सारी व्यवस्था पत्नी एकटीने पाहते. निर्णय घेण्याची तिला सवय होते आणि घराला एक नवी घडी बसते.

जवान मात्र निघताना पाहिलेले घर मनात ठेवून परततो. धाकटे मूल त्याच्याजवळ जाण्यास बिचकते. घरातील चालीरीती त्याला शिस्तबाह्य वाटू लागतात. यात कोणाचाच दोष नसतो. पत्नीने चालविलेले व्यवहार प्रथम समजून घ्यावेत आणि कारभार हळूहळू वाटून घ्यावा, हे शहाणपणाचे ठरते. ‘आता तू आलास, तूच बघ’ असे म्हणून वडीलधाऱ्यांनी सारा भार त्याच्यावर टाकणे आणि सुनेला एकदम बाजूला सारणे, या दोन्ही गोष्टी टाळल्या पाहिजेत.

रजेचे मोजके दिवस

जवानाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक व तीस दिवसांची नैमित्तिक रजा देय असते. प्रत्यक्षात ती सेवेच्या गरजेनुसार मिळते. फेरफाराची नोंद, जमिनीची मोजणी, एखादा दाखला यांसाठी या दिवसांतील कितीतरी दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर खर्ची पडतात. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर इतरांसाठी केवळ गैरसोयीचे असते. जवानाच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुधा ‘पुढच्या वर्षी या’ असा होतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांनी अर्जावरच रजेची अखेरची तारीख नोंदवून घेतली, तर कामाचा क्रम लावणे सोपे जाईल.

जमिनीच्या दाव्यांबाबत १९२५ चा सैनिकांच्या दाव्यांसंबंधीचा कायदा उपयोगी आहे. विशेष अथवा युद्धजन्य परिस्थितीत सेवा बजावणारा जवान दाव्यात पक्षकार असेल व त्याच्या वतीने कोणी रीतसर उभे नसेल, तर जिल्हाधिकारी तसे न्यायालयास प्रमाणित करू शकतात. अशा वेळी कामकाज स्थगित ठेवण्याची तरतूद या कायद्यात आहे. अलीकडे, २६ जुलै २०२५ रोजी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून सैनिक कुटुंबांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळावे, हा तिचा हेतू आहे.

एका नावाची किंमत

विवाह व अपत्यजन्म यांची नोंद जवानाच्या सेवापुस्तकात ‘पार्ट टू ऑर्डर’द्वारे व्हावी लागते. आपल्याकडे विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे आणि आधारपत्रावर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले नाव असा घोळ अनेक घरांत आढळतो. जवान हयात असेपर्यंत त्याची झळ लागत नाही. परंतु दुर्दैवाने तो गेल्यास कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याच्या पत्नीला ‘ती मीच’ हे सिद्ध करीत फिरावे लागते. विवाह नोंदणी व जन्मनोंद वेळेवर आणि अचूक नावाने करून देणे, ही ग्रामपंचायतीने सैनिक कुटुंबाची केलेली मोठीच सेवा होय. रजेच्या काळातच ही कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहावीत.

शिक्षकांचे काम

वडिलांच्या बदलीमुळे मुलांच्या शाळा बदलतात. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण घेणाऱ्या मुलास बदलीचा दाखला तत्काळ देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. दाखला येण्यास उशीर झाला, या सबबीवर नव्या शाळेला प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. तथापि शिक्षकाचे काम येथे संपत नाही. वडील रजेवर आले की काही मुले शाळा बुडवितात. ते परत गेले की काही अबोल होतात. हजेरीपटातील ही खूण ओळखणारा शिक्षक मुलाला वेळीच सावरू शकतो.

मनावरचा ताण

उंच, अतिथंड चौकीवर किंवा सतत धोक्याच्या छायेत राहिलेल्या माणसाची सावधगिरी गणवेशाबरोबर उतरत नाही. रात्री झोपमोड होणे, फटाक्यांच्या आवाजाने दचकणे, चिडचिड अथवा मौन हे पुष्कळदा काही काळाने ओसरते. मात्र ते आठवडेच्या आठवडे टिकले, व्यसन वाढले किंवा जगण्याविषयी निराशेचे बोल ऐकू आले, तर वैद्यकीय सल्ला त्वरित घ्यावा. ‘एवढा शूर माणूस, त्याला काय झाले?’ हा प्रश्न त्याचे तोंड बंद करतो. ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक सर्वांसाठी खुला आहे. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजनाही आहे.

दुसऱ्या आयुष्याची सुरुवात

शिपाई पदावरील जवान बहुधा चाळिशीच्या आसपास, मुले शिकत असतानाच निवृत्त होतो. राज्य शासनाच्या गट क व गट ड पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदविल्यावर ओळखपत्र, मुलांसाठी वसतिगृह व विविध साहाय्याची माहिती मिळते. २०२२ च्या अग्निपथ योजनेने या प्रश्नात नवी भर घातली आहे. चार वर्षांच्या सेवेनंतर अग्निवीरांपैकी २५ टक्क्यांपर्यंत तरुणांना पुढे कायम ठेवण्याची तरतूद आहे. बाकीचे सेवानिधी घेऊन, परंतु निवृत्तिवेतनाविना, ऐन पंचविशीच्या आसपास घरी परतणार आहेत. त्यांच्या शिक्षणाचा व रोजगाराचा विचार गावाने आधीच करावयास हवा.

१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो व निधीसंकलन होते. त्याच सुमारास ग्रामपंचायतीने गावातील सेवारत व निवृत्त सैनिकांची नोंदवही अद्ययावत करावी. कोणाचे काम कोणत्या कचेरीत अडले आहे, हे तीत लिहावे आणि पाठपुराव्यासाठी एका सदस्याची नेमणूक करावी. या उपक्रमाला वेगळा निधी लागत नाही. पुढच्या रजेवर येणाऱ्या जवानाला आपले काम झालेले आढळले आणि ते दिवस मुलाबाळांत घालविता आले, तर त्याच्या स्वागतासाठी बांधलेल्या तोरणाचे सार्थक होईल.