पेनड्राइव्ह फेकण्याआधी

बेंगळुरूत सर्जापूर रोडवर दोड्डकन्नेल्लीला विप्रोचं मुख्यालय आहे, आजूबाजूला आयटीवाल्यांची घरं. तरीही १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपल्यापासून आमच्या सोसायटीत एक तक्रार वारंवार कानावर येते: "नवं विंडोज किंवा लिनक्स बसवायला पेनड्राइव्ह लावला, पण लॅपटॉप जुनंच विंडोज उघडतो." दोष बहुतेकदा पेनड्राइव्हचा नसतो, एखादी पायरी चुकलेली असते.

गैरसमज १: आयएसओ फाइल कॉपी केली की काम झालं.
वस्तुस्थिती: आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रतिमा. कॉपी केली तर पेनड्राइव्हवर ती नुसती एक फाइल म्हणून पडून राहते. रूफसने (लिनक्सची असेल तर बलेना एचरनेही) ती 'लिहावी' लागते, आणि त्यात आधीचा सगळा डेटा पुसला जातो. त्याआधी फाइलचा एसएचए-२५६ चेकसम अधिकृत साइटवरच्या आकड्याशी जुळवा. डाउनलोड अर्धवट असेल, तर तिथेच कळतं.

गैरसमज २: लॅपटॉपला दिसला नाही, म्हणजे पेनड्राइव्ह खराब.
वस्तुस्थिती: जुने संगणक बायोस आणि एमबीआरवर चालतात, नवे यूईएफआय आणि जीपीटीवर. रूफसमध्ये आपल्या मशीनला जुळणारा पर्याय निवडा. मग लॅपटॉप सुरू होतानाच बूट मेनूची कळ दाबा: डेलला एफ१२, एचपीला एफ९. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, म्हणून रीस्टार्ट करा.

गैरसमज ३: सिक्युअर बूट बंद केल्याशिवाय लिनक्स बसत नाही.
वस्तुस्थिती: उबुंटू, फेडोरा सिक्युअर बूट चालू ठेवूनही बसतात. तरीही तो बंद करायचा असेल, तर आधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नंतर लॅपटॉपने ती मागितली आणि हाताशी नसली, तर आपलाच डेटा कुलपात राहतो.

गैरसमज ४: इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही, म्हणजे एसएसडी गेली.
वस्तुस्थिती: इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी हे डिस्क सांभाळणारं इंटेलचं तंत्र चालू असतं. विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसला, तर डिस्कची यादी रिकामी येते. कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटी ड्रायव्हर घ्या, त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' निवडा.

गैरसमज ५: ३२ जीबीचा पेनड्राइव्ह काही एमबीच दाखवतो, म्हणजे तो मेला.
वस्तुस्थिती: शेजारच्या काकांनी असाच एक कचऱ्यात टाकायला काढला होता. त्यावर लिनक्स लिहिलेलं होतं, आणि विंडोजला त्यातला एक छोटा भागच वाचता येत होता. विंडोजमधलं डिस्कपार्ट उघडलं, 'लिस्ट डिस्क'मध्ये आकार पाहून नेमकी डिस्क निवडली, 'क्लीन' दिलं. नव्याने फॉरमॅट केल्यावर जागा पूर्ण परत आली. मात्र इथे डिस्कचा क्रमांक चुकला, तर भलतीच डिस्क पुसली जाते. म्हणून एंटर दाबण्याआधी तो दोनदा वाचा.

पेनड्राइव्ह दुसरा मिळेल, विंडोजही पुन्हा बसेल. घरचे फोटो आणि कागदपत्रं मात्र एकदा गेली की गेली. म्हणून आधी बॅकअप घ्या, मगच पेनड्राइव्ह लावा.