परग्रहीय यंत्रमानवांच्या युद्धकथा

अन्य ग्रहावरून पृथ्वीवर आलेले महाकाय यंत्रमानव आणि त्यांच्यातील परस्परविरोधी गटांचे पृथ्वीवर होणारे युद्ध, हा विषय असलेला विज्ञानकथेचा एक लोकप्रिय प्रकार. चित्रकथा, दूरदर्शन मालिका, चित्रपट आणि मुख्यतः खेळणी यांच्याद्वारे त्याचा जगभर प्रसार झाला. अमेरिका व जपान यांच्या व्यापारी सहकार्यातून १९८४ मध्ये निर्माण झालेली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही कथामाला या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध होय. यातील यंत्रमानव मोटार, मालट्रक, विमान यांसारख्या वस्तूंचे रूप घेऊ शकतात. आपल्या पुराणकथांतील राक्षसांना लावले जाणारे ‘कामरूपी’ हे विशेषण त्यांना चपखल बसते.

पूर्वपीठिका : परग्रहवासीयांनी अवाढव्य यंत्रांच्या साहाय्याने पृथ्वीवर चाल करून यावे, ही कल्पना इंग्रज लेखक एच. जी. वेल्स (१८६६–१९४६) याने ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) या कादंबरीत रूढ केली. त्यातील तीन पायांची युद्धयंत्रे मंगळावरील प्राणी आत बसून चालवतात; यंत्राला स्वतःची बुद्धी नाही. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक (१८९०–१९३८) या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातून जगाला मिळाला. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार असा आहे. नाटकात हे कृत्रिम वेठबिगार अखेरीस मालकांविरुद्ध बंड करतात. वेल्सचे आकाशातून येणारे यंत्र आणि चापेकचे बंडखोर कृत्रिम मजूर असे दोन निराळे धागे पुढे एकत्र विणले गेले, पण त्यास सुमारे साठ वर्षे लागली.

मधला टप्पा जपानमधील आहे. मित्सुतेरू योकोयामा (१९३४–२००४) याच्या ‘तेत्सुजिन २८-गो’ (१९५६) या चित्रकथेत एक लहान मुलगा दूरनियंत्रकाने प्रचंड यंत्रमानव चालवतो. गो नागाई याच्या ‘माझिंगर झेड’ (१९७२) मध्ये चालक यंत्रमानवाच्या मस्तकात जाऊन बसतो, तर ‘गंडाम’ (१९७९) या मालिकेत यंत्रमानव हे रणगाडा किंवा लढाऊ विमान यांसारखे सैनिकी वाहन बनते. या सर्व कथांत निर्णय घेणारा माणूसच असतो, मग तो बाहेर उभा राहून असो वा आत बसून. १९८४ नंतरच्या कथांत हा माणूस यंत्रातून नाहीसा झाला. या कथाप्रकारातील सर्वांत महत्त्वाचा बदल तो हाच, आणि त्याचे कारण साहित्यिक नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

खेळण्यांपासून कथेकडे : जपानमधील ताकारा ही कंपनी १९८० पासून ‘डायाक्लोन’ या नावाची खेळणी विकत असे. त्यांत रूप बदलणाऱ्या वाहनांत बसवण्यासाठी बोटाच्या पेराएवढे चालक मिळत. तिच्याच दुसऱ्या मालिकेतील, ‘मायक्रो चेंज’मधील यंत्रमानव मात्र घरातल्या वस्तूंची रूपे घेत : पिस्तूल, कॅसेट-वादक, सूक्ष्मदर्शक, कॅमेरा. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९८३ मध्ये दोन्ही मालिकांचे हक्क घेतले आणि ती खेळणी एकाच नावाखाली एकत्र केली. या खेळण्यांना ना नावे होती, ना स्वभाव. ते देण्याचे काम मार्व्हल या चित्रकथा प्रकाशनसंस्थेकडे सोपवण्यात आले. संपादक जिम शूटर याने कथानकाचा आराखडा केला, डेनिस ओनील याने ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव सुचवले आणि बॉब बुडियान्स्की याने उरलेल्या बहुतेक पात्रांना नावे व स्वभाववैशिष्ट्ये दिली. १९८४ मध्ये चित्रकथा निघाली. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी सचेतनपटांची दूरदर्शन मालिका सुरू झाली. १९८७ पर्यंत तिचे ९८ भाग झाले.

या जुळणीचा ठसा कथेवर कायमचा राहिला. सज्जनांचा नायक मालट्रक बनतो आणि दुर्जनांचा नायक मेगाट्रॉन हातात मावेल एवढे पिस्तूल बनतो, या विसंगतीचे स्पष्टीकरण कथेत शोधून सापडत नाही. पहिला एका खेळण्यांच्या मालिकेतला आणि दुसरा दुसऱ्या, एवढेच ते आहे. त्याहून बोलका पुरावा खेळण्यांतच होता. चालक आता पेटीत मिळत नव्हते, पण साचे जुनेच असल्याने सुरुवातीच्या अनेक खेळण्यांत चालकाचे रिकामे आसन तसेच राहिले. यंत्रमानव स्वयंप्रज्ञ झाला, तो अशा काटकसरीतून.

खेळण्यांच्या जाहिरातीसाठीच मालिका रचणे अमेरिकेत पूर्वी सहजी शक्य नव्हते. मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे तेथील संघीय दळणवळण आयोगाने १९८४ मध्ये काढून टाकली. अर्ध्या तासाची कथा हीच अर्ध्या तासाची जाहिरात होऊ लागली, तेव्हा पालक व शिक्षक यांनी टीकेची झोड उठवली. १९९० च्या बाल दूरदर्शन अधिनियमाने जाहिरातींच्या वेळेवर पुन्हा मर्यादा घालण्यात आली.

कथानक : सायबरट्रॉन या धातुमय ग्रहावर ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन हे दोन गट दीर्घकाळ लढत आहेत व त्यांचा ऊर्जासाठा संपत आला आहे. ऊर्जेच्या शोधात निघालेले ऑटोबॉटांचे यान शत्रूच्या हल्ल्यात सापडून पृथ्वीवरील एका ज्वालामुखीवर आदळते आणि दोन्ही गट चाळीस लक्ष वर्षे निश्चेष्ट पडून राहतात. १९८४ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने यानातील संगणक जागा होतो, बाहेरची वाहने न्याहाळतो आणि त्यांच्या रूपांत जखमींची दुरुस्ती करू लागतो. मित्र कोण, शत्रू कोण, हे त्याला कळत नाही. पहिली दुरुस्ती तो शत्रूचीच करतो. जाता जाता शत्रूपैकी एकाने केलेल्या माऱ्याने डोंगर हादरतो आणि ऑप्टिमस प्राइम संगणकाच्या किरणांखाली सरकतो. त्यामुळेच तो जिवंत होतो. पुढील सारे युद्ध अशा एका यांत्रिक निःपक्षपातातून उद्‌भवते. मालिकेतील ही कल्पना खरोखर चांगली आहे.

युद्धाचे कारण सत्ता वा सूड यांपेक्षा इंधन हे अधिक आहे. डिसेप्टिकॉनांचे आरंभीचे लक्ष्य समुद्रातील तेलविहीर असते, त्यानंतर एक धरण. १९७३ व १९७९ या वर्षांतील खनिज तेलाच्या टंचाईची आठवण तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकांना ताजी होती. धरणाच्या प्रसंगात नदीला कृत्रिम महापूर आणून जनित्रांतून अमाप वीज काढली जाते व ती चौकोनी ठोकळ्यांत साठवली जाते. भिगवणला उजनी जलाशयाचा फुगवटा पाहिलेल्या वाचकाला यातील चूक चटकन कळेल. उजनीचे वीजगृह १२ मेगॅवॉट क्षमतेचे आहे. भीमेला कितीही पूर आला, तरी जनित्राच्या क्षमतेपेक्षा जास्त वीज त्यातून निघत नाही, जादा पाणी सांडव्यावरून निघून जाते.

नायकाचा मृत्यू : ऑगस्ट १९८६ मध्ये या मालिकेवरील पूर्ण लांबीचा सचेतनपट प्रदर्शित झाला. त्याच्या पूर्वार्धातच ऑप्टिमस प्राइम मरतो. त्याच्याबरोबर मालिकेतील इतर अनेक परिचित पात्रेही मारली जातात. १९८४–८५ मधील खेळणी बाजारातून काढून त्यांच्या जागी नवी आणावयाची होती आणि त्यासाठी जुन्या पात्रांचा कथेतून निकाल लावणे निर्मात्यांना सोयीचे वाटले. मुलांनी तो हिशेब मानला नाही. ती चित्रपटगृहात रडली. पालकांची तक्रारपत्रे आली. हॅस्ब्रोच्याच दुसऱ्या एका मालिकेच्या १९८७ मधील चित्रपटात नायकाचा मृत्यू आधीच चित्रित झाला होता. तेथे तो केवळ बेशुद्धावस्थेत गेला आहे, असे संवाद ऐनवेळी घालण्यात आले. फेब्रुवारी १९८७ मध्ये ऑप्टिमस प्राइमलाही दूरदर्शन मालिकेत पुन्हा जिवंत करावे लागले.

बालवाङ्‌मयाच्या अभ्यासकांनी या प्रकरणाकडे दुर्लक्ष करू नये. विकणाऱ्याच्या दृष्टीने ती वस्तू होती व तिची विक्रीची मुदत संपली होती. मुलांच्या दृष्टीने ती व्यक्ती होती. ज्या यंत्रात चालक नाही, त्याला स्वतःचा जीव असला पाहिजे, आणि ज्याला जीव आहे त्याचा मृत्यू खरा असला पाहिजे, हे तर्कशास्त्र मुलांनी शिकवल्यावाचून पूर्ण केले. कथेच्या कर्त्यांपेक्षा तिचे प्रेक्षक तिला अधिक गांभीर्याने घेत होते.

पुढील वाटचाल : ‘बीस्ट वॉर्स’ (१९९६–९९) ही संगणकनिर्मित चित्रांची मालिका आणि मायकेल बे याने दिग्दर्शित केलेला २००७ चा चित्रपट हे यानंतरचे मुख्य टप्पे होत. चित्रपटासाठी केलेल्या ऑप्टिमस प्राइमच्या संगणकीय प्रतिकृतीत दहा हजारांहून अधिक सुटे भाग होते. २०११ व २०१४ मधील चित्रपटांनी प्रत्येकी एक अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले. तांत्रिक वैभव वाढत गेले, तशी कथा विरळ होत गेली. सायबरट्रॉनवरील मूळ वैराची कहाणी सांगणारा ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ (२०२४) हा सचेतनपट त्याला सन्माननीय अपवाद आहे.

शास्त्रीय विचार : महाकाय यंत्रमानवाची मुख्य अडचण वजनाची आहे. उंची दुप्पट केली की, तळपायाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. २००७ च्या चित्रपटातील ऑप्टिमस प्राइम सुमारे ८·५ मी. उंच, म्हणजे १·७ मी. उंचीच्या माणसाच्या पाचपट आहे. माणसाचे वजन ७० किग्रॅ. धरल्यास त्याच प्रमाणाच्या आणि तेवढ्याच घनतेच्या यंत्रमानवाचे वजन १२५ पट, म्हणजे ८,७५० किग्रॅ. होईल, तो भरीव पोलादाचा असल्यास सु. ६८ टन. हा भार जेमतेम एक चौ. मी. एवढ्या तळव्यांवर पडेल. भीमाकाठच्या ओल्या काळ्या जमिनीत असा योद्धा धावणे दूरच, उभाही राहू शकणार नाही; तो रुतत जाईल. रूप बदलताना वस्तुमान कोठे जाते, हा प्रश्न वेगळाच. पिस्तूल झालेल्या मेगाट्रॉनला त्याचे सहकारी एका हाताने उचलतात, म्हणजे त्याचे कित्येक टन वजन नाहीसे झाले असे मानावे लागते. भौतिकीच्या नियमांत याला जागा नाही.

चालकाविना निर्णय घेणाऱ्या युद्धयंत्राची कल्पना मात्र आता केवळ कथेतील राहिलेली नाही. आपले लक्ष्य आपणच निवडणाऱ्या शस्त्रांच्या नियंत्रणाविषयी जिनीव्हा येथे २०१४ पासून आंतरराष्ट्रीय चर्चा चालू आहे. अशी शस्त्रे आकाराने बहुधा लहान असतात.

भारत व महाराष्ट्र : योकोयामाच्याच चित्रकथेवर आधारलेली ‘जायंट रोबो’ (१९६७–६८) ही जपानी मालिका १९८०–९० या दशकात ‘जायंट रोबॉट’ या नावाने दूरदर्शनवर दाखवण्यात आली. समुद्रतळाशी दडलेला परग्रहावरचा सम्राट, त्याने पाठवलेले राक्षस आणि मनगटी घड्याळातून आज्ञा देणाऱ्या मुलाचे ऐकणारा प्रचंड यंत्रमानव असे तिचे कथानक. सहक्षेपण केंद्रांचे जाळे नुकतेच लहान गावांपर्यंत पोचू लागले होते. त्यामुळे महाराष्ट्रातील एका पिढीची या कथाप्रकाराशी ओळख ट्रान्सफॉर्मर्सच्या आधी याच मालिकेने झाली. एमआरएफ व हॅस्ब्रो यांच्या सहकार्याने १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूल या कंपनीने ट्रान्सफॉर्मर्सची खेळणी भारतात विकली; तिचा एक कारखाना गोव्यात आहे.

मराठीत दोन यंत्रमानवी सैन्यांच्या युद्धाची परंपरा निर्माण झाली नाही. या विषयाला सर्वांत जवळची महत्त्वाची कृती म्हणजे जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘वामन परत न आला’ (१९८६) ही कादंबरी. जमिनीखाली खोल खणताना एक बंदिस्त पेटी सापडते. ती एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीने ठेवलेली असते. तीतील माहितीच्या आधारे भारतीय वैज्ञानिक ‘वामन’ नावाचा अत्यंत बुद्धिमान यंत्रमानव तयार करतात, आणि आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण व्हावेत अशी त्याची इच्छा उघड होऊ लागते. पूर्वीची संस्कृती कशाने लयाला गेली, हे त्याबरोबरच कळत जाते. परकीय यंत्र येथे आकाशातून कोसळत नाही. माणसे स्वतःच्या कुतूहलाने ते पाना-पेचकस घेऊन जोडतात. नावाची योजनाही मार्मिक आहे. पुराणातील वामन बळीकडे तीन पावले भूमी मागतो आणि मग त्रैलोक्य व्यापतो. नारळीकरांचा वामन आकाराने तसा वाढत नाही, तो फक्त आपली संख्या वाढवू पाहतो. नारळीकरांनी त्याआधी ‘प्रेषित’ (१९८३) या कादंबरीत परग्रहावरून आलेल्या पाहुण्याची कथा लिहिली होती, पण तीतही आक्रमणाला स्थान नाही. मराठी विज्ञानकथेचा कल युद्धापेक्षा प्रयोगशाळेकडे राहिला. तिचे प्रमुख लेखक व्यवसायाने वैज्ञानिक अथवा विज्ञानाचे शिक्षक होते आणि तिच्या पाठीशी मराठी विज्ञान परिषदेसारखी संस्था होती. खेळण्यांचा कारखाना नव्हता.